रात्रीचं आभाळ आपलंही आहे

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. अकराच्या सुमारास चंद्र पूर्णपणे पृथ्वीच्या सावलीत गेला. आमच्या वस्तीत ढगांच्या फटीतून तो तांबूस चंद्र दिसत होता. गल्लीतली पोरं पत्र्यावर चढून बघत होती. पण आमच्या बचत गटातली एक मैत्रीण, सात महिन्यांची गरोदर, दार-खिडकी लावून अंथरुणावर सरळ पडून होती. संध्याकाळपासून पोटात अन्न नाही, पाण्याचा घोट नाही. कूस बदलायची नाही, सुरी-कात्रीला हात लावायचा नाही. ग्रहण सुटलं तेव्हा रात्रीचा दीड वाजत आला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या सासूला चार शब्द सुनवायच्या तयारीनं गेले. सासू शांतपणे म्हणाली, "ताई, उद्या काही कमी-जास्त झालं तर बोल कुणाला लागेल?"

मी गप्प झाले. कारण त्याच गल्लीत एका बाईचं मूल फाटलेल्या ओठाचं जन्मलं होतं. शस्त्रक्रिया झाली, मूल आता शाळेत जातं. पण "ग्रहणात काहीतरी चिरलं असशील" हे वाक्य त्या आईला अजून ऐकावं लागतं. ग्रहणाचे नियम पाळण्यामागे अज्ञान आहेच, पण त्याहून मोठी आहे ती दोष माथी येण्याची भीती.

म्हणून साधी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला हवी. गर्भाचा ओठ पहिल्या दोन महिन्यांतच जुळून येतो. सातव्या महिन्यात भाजी चिरल्यानं तो फाटत नाही. त्यामागे आनुवंशिकता, आईचं पोषण, तंबाखूचा धूर, काही औषधं अशी कारणं असतात. चंद्रग्रहण ही नुसती सावली आहे, ती साध्या डोळ्यांनी कुणीही बघावी. सूर्यग्रहणात डोळे सांभाळायचे ते सगळ्यांनीच. त्याचा गर्भाशी संबंध नाही.

पण ग्रहण वर्षातून दोन-चारदा. बाकीच्या रात्रींचं काय? "सातच्या आत घरात" हा नियम आपल्याला ग्रहण नसतानाही असतोच. आपल्या आज्या पहाटे शुक्राची चांदणी बघून जात्यावर बसायच्या. म्हणजे आभाळ त्यांना ठाऊक होतं, पण कामाचं घड्याळ म्हणून. मृग लागला की पेरणीची घाई, हे शेतमजूर बाईला पाठ असतं. पण मृगाचे तारे तिला कुणी दाखवलेले नसतात. जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो, त्यामुळे ते तेव्हा दिसत नाही. ते बघायचं थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री: तीन तारे एका ओळीत, आणि त्याच ओळीत पुढे झगझगीत व्याध.

आणि अरुंधती? लग्नात नवरीला पातिव्रत्याचा आदर्श म्हणून ती दाखवतात, तीही बहुधा भर दुपारी, मांडवाच्या कापडाकडे बोट करून! खरी अरुंधती एप्रिल-मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला बघा. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याच्या शेजारी ती. फिकट दिसते, पण ती स्वयंप्रकाशी आहे. वसिष्ठाच्या उजेडावर ती जगत नाही.

पावसाळ्याचे चार महिने ढगांचे. ऑगस्टमधला उल्कावर्षाव आपल्याकडे बहुतेक वेळा ढगांतच जातो. ती कसर डिसेंबर भरून काढतो. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडताना दिसतात. चंद्र आड येत नसेल आणि गावाबाहेर अंधार असेल तर तासाभरात कितीतरी मोजता येतात. दुर्बीण लागत नाही. सतरंजी, शाल आणि तासाभराची सवड पुरते.

ती सवड आणि ती सुरक्षित मोकळी जागाच आपल्याकडे नसते, हाच तर मुद्दा आहे. "भाकरीचा, मारहाणीचा प्रश्न सोडून तारे कसले बघता?" असं कुणी म्हणेल. पण रात्री बाहेर पडायचं ठरवलं की प्रश्न आपोआप समोर येतात. स्वच्छतागृह कुठे आहे? परतीची एसटी किती वाजता? घरी मुलं कोण सांभाळणार? नवरा काय म्हणेल? हे प्रश्न चळवळीचेच आहेत.

तर मैत्रिणींनो, प्रत्येक गटानं वर्षातून निदान तीन रात्री ठरवाव्यात: थंडीत मृग, उन्हाळ्यात सप्तर्षी, डिसेंबरात उल्का. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिकेला बोलवा. सासवांनाही आणा, मुलींना तर आणाच.

आणि एक तारीख आत्ताच लिहून ठेवा. ३१ डिसेंबर २०२८ ला खग्रास चंद्रग्रहण आहे. रात्री दहाच्या सुमारास चंद्र पूर्ण झाकलेला असेल आणि भारतभरातून दिसेल. वर्षाची शेवटची रात्र, बायकांनी बाहेर पडू नये असं हमखास सांगितलं जातं ती. त्या रात्री आपण वस्तीच्या मैदानात एकत्र बसू. गरोदर मैत्रिणींना मध्ये खुर्ची देऊ, सोबत पाणी आणि पोहे ठेवू. त्यांची बाळं जन्मल्यावर सगळ्याजणी मिळून बघायला जाऊ, आणि काहीही कमी-जास्त झालं तरी आईला बोल लावू देणार नाही, हे त्याच रात्री ठरवू.