आत्याचा फोटो कुठाय?

अंतरपाट दूर होतो त्या घडीला फोटोग्राफरला दोन चेहरे हवे असतात, आणि ते दोन्ही एकमेकांकडे वळलेले असतात. एका कॅमेऱ्यात नवरी नीट येते, नाहीतर नवरा. त्यात शेवटचं ‘सावधान’ झालं की चारी बाजूंनी अक्षता उडतात, बँड सुरू होतो, करवल्या पुढे सरकतात आणि कुणाचा तरी मोबाइल धरलेला हात मध्ये येतो. जाणता फोटोग्राफर आदल्या मंगलाष्टकालाच आपली जागा धरतो, साथीदाराला पलीकडच्या बाजूला उभा करतो आणि अंतरपाट धरलेल्या गुरुजींच्या हातांवर नजर ठेवतो. विधींचा क्रम ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातातली लाखाची लेन्सही इथे कामी येत नाही.

लग्न ठरलं की हल्ली घराघरांत वाद होतो: ट्रॅडिशनल घ्यायचा की कँडिड? मुलांना कँडिड हवा असतो, सोबत सिनेमॅटिक व्हिडिओ, ड्रोन आणि मेणवलीच्या घाटावर नाहीतर अलिबागच्या किनाऱ्यावर प्री-वेडिंग. आईवडलांना आपला नेहमीचा स्टुडिओवाला हवा असतो. मला दोन्ही तऱ्हेचे फोटो आवडतात. पण ट्रॅडिशनलकडे पाहून जी नाकं मुरडली जातात, ती मला अजिबात पटत नाहीत.

ती शैली कशातून आली ते बघा. साध्या रोलमध्ये 36 फोटो निघायचे. यशिका किंवा रोलायफ्लेक्ससारख्या, वरून वाकून बघायच्या चौकोनी निगेटिव्हच्या कॅमेऱ्यात एका रोलला 12. फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा चार्ज व्हायला काही सेकंद जायचे, आणि कुणाचे डोळे मिटले हे रोल धुऊन आल्यावरच कळायचं. अशा वेळी हार घालण्याचा क्षण हुकला तर तो कायमचा हुकला. म्हणून ‘हार तसाच धरा, इकडे बघा, हां, आता हसा’. हार हवेत धरून उभा राहिलेला नवरा अवघडलेला दिसतो हे खरं, पण तो फोटो घरच्यांना हमखास मिळायचा. त्याच काटकसरीतून ग्रुप फोटोंची शिस्त आली. एकेक रोल मोजून वापरायचा, तर प्रत्येक फोटोत जास्तीत जास्त माणसं बसली पाहिजेत. आजोळची मंडळी, मुंबईची मंडळी, वडलांच्या ऑफिसातले, शेजारचे. लहान पोरं पुढे मांडी घालून, थोरले खुर्च्यांवर, बाकीचे मागे. तीस वर्षांनी असा एक फोटो हातात घेतला की अख्खं गणगोत समोर येतं.

पुढे जोडप्याच्या मागे बर्फाचे डोंगर चिकटवणारे करिझ्मा अल्बम आले. तो काळ सरला ते बरं झालं.

खरा बदल कॅमेऱ्याने केला. 2008 साली निकॉनचा डी 700 आणि कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आले. मंडपातल्या अपुऱ्या उजेडातही फ्लॅशशिवाय स्वच्छ फोटो येऊ लागला आणि कॅननच्या त्याच कॅमेऱ्यावर सिनेमासारखा व्हिडिओही. फ्लॅश नाही, म्हणून आपला फोटो निघतोय हे माणसाला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून चेहरा जसा आहे तसा मिळतो. डिसेंबर 2017 मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचं लग्न इटलीत टस्कनीला झालं, तेव्हा जोसेफ राधिक यांनी काढलेले फोटो देशभर फिरले. तसे फोटो आपल्याही लग्नात हवेत, असं मुलामुलींना वाटणं साहजिक आहे.

कँडिडने काय दिलं ते मी घरातच पाहिलं. भाचीच्या लग्नात झाल सुरू होती. दिव्यांची ती वेळूची टोपली सासरच्या एकेकाच्या डोक्यावर ठेवून मुलगी सोपवली जात होती. टोपली विहीणबाईंच्या डोक्यावर गेली तरी मुलीच्या वडलांचा हात काठावरून सुटला नव्हता. फोटोत त्यांचा चेहरा नाही. नुसता हात आहे, नखांत आदल्या दिवसाची हळद आणि बोटांची पकड इतकी घट्ट की पेरं पांढरी पडलेली. पंचविशीतल्या एका मुलाने काढलेला हा फोटो मला आमच्या सगळ्या घराण्याच्या अल्बमांत सर्वांत मोलाचा वाटतो. ‘इकडे बघा’ म्हणून तो मिळाला नसता.

त्याच लग्नाचे हजारो फोटो आले आणि आत्या पेनड्राइव्ह लावून स्वतःला शोधत बसली. ती होती, पण नवरीच्या मागे, धूसर. तिच्या तिन्ही भावांसोबतचा एकही फोटो नव्हता. एकटी नवरी, खाली झुकलेली नजर, मागे दिव्यांचे गोळे, असे फोटो मात्र ढिगाने होते. हे फोटो सुरेख असतात, पण त्यातले कितीतरी फोटोग्राफरच्या इन्स्टाग्रामसाठी, पुढचं काम मिळावं म्हणून काढलेले असतात. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, मला तो समजतो. पण फोटो आधी घरासाठी हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलमही हेच धरून चालतं: पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. पॅकेजच्या कागदावर याच्या उलट लिहिलेलं असू शकतं, तेव्हा सही करण्याआधी वाचा.

जुना स्टुडिओवाला इथेच सरस ठरायचा. त्याने मुलीच्या आईचंही लग्न काढलेलं असायचं. ‘सोलापूरची मंडळी राहिली, बोलवा त्यांना,’ असं तो स्टेजवरून ओरडायचा. कोणत्या दोन काकांचं बोलणं बंद आहे हेही त्याला माहीत असायचं आणि तो त्यांना दोन टोकांना उभं करायचा. शहरातून येणाऱ्या कँडिडवाल्याला हे कळावं कसं? त्याच्याबरोबर दिवसभर घरचं एक जाणतं माणूस द्यावं लागतं, सगळी नाती ठाऊक असलेली मावशी किंवा मोठी वहिनी. ग्रुप फोटोंची यादी आदल्या दिवशीच कागदावर लिहून द्यायची. आणि लग्न लागल्यावर, लोक जेवणाकडे वळण्याआधी, त्यासाठी अर्धा तास राखून ठेवायचा. ब्यूटिशियन कितीही घाई करो, तो अर्धा तास द्यायचा नाही.

अल्बमचं सिलेक्शन पुढे महिनोन्‌महिने रखडतं, कारण चार हजारांतून दोनशे निवडायला नव्या जोडप्याला सवड नसते. तोवर वाट बघू नका. थोरल्यांचे फोटो पहिल्याच आठवड्यात वेगळे काढा, सहा बाय चारच्या साध्या प्रती छापून घ्या आणि पाकिटावर नाव घालून घरोघरी पोचवा. आत्याला पेनड्राइव्ह पाठवू नका.