आधी निदान, मग शस्त्र

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या हजारो स्त्रियांची गर्भाशये काढून टाकण्यात आली असल्याचे वृत्त २०१९ साली बाहेर आले, तेव्हा महाराष्ट्र काही दिवस हादरला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे शंभरांत जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ साली देशातील १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण शंभरांत तीनांहून थोडे अधिक होते. दोन पाहण्यांतील वयोगट तंतोतंत जुळत नसले, तरी एवढी मोठी तफावत योगायोगाने निर्माण होत नाही.

या तफावतीचे जे स्पष्टीकरण त्या वेळी पुढे आले, ते कार्यकर्त्यांच्या परिचयाचे आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल. एक दिवस खाडा पडला तर त्याचा दंड त्या उचलीत जमा. पहाटेपासून वाकून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या, रात्री पालावर निजायचे. तेथे ना संडास, ना पुरेसे पाणी. अशा स्त्रीला पाळीचे चार दिवस ही चैन वाटते आणि अंगावरून जास्त जाऊ लागले तर ते थेट कर्जाच्या भाषेत मोजले जाते. ‘पिशवी काढली की कटकट गेली’ हा हिशेब तिच्या अज्ञानातून आलेला नाही. तो उचलीच्या व्यवस्थेने तिच्यावर लादलेला हिशेब आहे.

हे सारे खरे आहे. परंतु ते अर्धेच सत्य आहे. मुकादम शस्त्रक्रिया करीत नाही. शस्त्र डॉक्टरच्या हाती असते. राष्ट्रीय पाहणीत गर्भाशय काढलेल्या स्त्रियांनी जी कारणे सांगितली, त्यांत अतिरक्तस्राव आणि पाळीतील वेदना हे सर्वांत मोठे कारण होते, आणि सुमारे दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांत झाल्या होत्या. तेव्हा प्रश्न असा विचारला पाहिजे की, रक्तस्रावाची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीचे वैद्यकशास्त्र आज काय करू शकते, आणि प्रत्यक्षात तिचे काय केले जाते.

अतिरक्तस्राव हा स्वतः रोग नव्हे. ते लक्षण आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९६६ साली झालेल्या अभ्यासाने एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त जाणे ही अतिरक्तस्रावाची सीमा ठरवली. पुढे हे मोजमाप अपुरे ठरले, आणि २००७ साली ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी व्याख्याच बदलली: ज्या रक्तस्रावाने स्त्रीच्या शारीरिक, मानसिक व सामाजिक जीवनात अडथळा येतो, तो अतिरिक्त. म्हणजे स्त्रीचे स्वतःचे म्हणणे हाच निदानाचा आरंभ मानला गेला. २०११ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने या लक्षणामागील कारणांची नऊ गटांत वर्गवारी केली. पॉलिप, गर्भाशयाचे अस्तर स्नायूंत शिरणे, फायब्रॉइडच्या गाठी, आणि कर्करोग वा त्याची पूर्वावस्था ही चार कारणे तपासणीत दिसू शकणारी. रक्त गोठण्यातील दोष, बीजोत्सर्गातील अनियमितता, अस्तराचे स्वतःचे विकार, औषधे वा तांबीसारख्या साधनांचे परिणाम आणि अद्याप वर्गीकरण न झालेली कारणे हे उरलेले पाच गट. यांपैकी बहुतेक कारणांसाठी गर्भाशय काढण्याची गरज नसते. ज्या मुलीच्या रक्तातच गोठण्याचा दोष आहे, तिचे रक्त न तपासता पोटावर शस्त्र चालवणे तर जीवघेणे ठरू शकते.

उपचारांच्या संशोधनाचा इतिहासही डोळे उघडणारा आहे. उताको ओकामोतो या जपानी स्त्री-संशोधिकेने पती शोसुके यांच्यासह १९६२ साली ट्रॅनेक्झॅमिक आम्ल शोधून काढले. पाळीच्या दिवसांतच घ्यावयाची ही गोळी आज साध्या औषध दुकानात मिळते. लेव्होनोर्जेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारे, गर्भाशयात बसवावयाचे साधन फिनलंडमध्ये विकसित झाले. त्या देशात २३६ स्त्रियांवर झालेल्या तौलनिक चाचणीचा पाच वर्षांचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. साधन बसवलेल्या स्त्रियांपैकी ४२ टक्के स्त्रियांना अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. परंतु उरलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांची शस्त्रक्रिया टळली, खर्च कमी झाला आणि जीवनमानात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ब्रिटनमध्ये ५७१ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे साधन नेहमीच्या गोळ्यांपेक्षा अधिक परिणामकारक ठरले. त्या स्त्रिया मोठ्या रुग्णालयांतल्या नव्हत्या. त्या आपल्या गावच्या, वस्तीच्या डॉक्टरांकडे आलेल्या होत्या, हे विशेष. आपल्या देशातही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ऑर्मेलॉक्सिफीन हे औषध निर्माण केले. गर्भनिरोधक म्हणून ते आज ‘छाया’ या नावाने सरकारी दवाखान्यांत मोफत दिले जाते, आणि अतिरक्तस्रावावरही भारतातील डॉक्टर ते वापरतात.

अर्थात, शस्त्रक्रिया ही शत्रू नव्हे. मोठ्या गाठी, कर्करोग, इतर उपचारांना दाद न देणारा रक्तस्राव अशा प्रसंगी ती स्त्रीचा जीव वाचवते, आणि पूर्ण माहिती घेऊन स्त्रीने तीच निवडली तर तो तिचा हक्क आहे. आक्षेप आहे तो निदानाशिवाय चालणाऱ्या शस्त्राला. एका सोनोग्राफीच्या कागदावर ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असे भय घालून तिशीतल्या स्त्रीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवण्याला. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली तर त्या वयातच ऋतुनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्या शरीराच्या बळावर ती कर्ज फेडणार, तेच शरीर खचते.

मग हे ज्ञान बीडच्या पालापर्यंत का पोहोचले नाही? राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. कुटुंबनियोजनाची यंत्रणा स्त्रीच्या गर्भाशयापर्यंत पोहोचली होती, पण त्या गर्भाशयाच्या दुखण्याची विचारपूस करायला तिला सवड नव्हती. त्या संशोधनाचे मोल असे की, ते जेथे दुःख आहे तेथे गेले. फिनलंड वा ब्रिटनमधील चाचणीत सहा महिने स्थलांतर करणारी स्त्री नव्हती. साधन बसवल्यानंतर पहिले काही महिने अधूनमधून थोडे रक्त जात राहते, तेव्हा कारखान्याच्या तळावर तिला धीर कोण देणार? रक्तक्षय ही जेथे सर्वसाधारण अवस्था आहे, तेथे कोणता उपचार किती लवकर उभारी देतो? २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. या प्रश्नांची उत्तरे परदेशातून येणार नाहीत. ती येथेच, ऊसतोड स्त्रियांमध्ये शोधावी लागतील. आणि यश मोजायचे ते केवळ किती रक्त थांबले यावर नव्हे, तर रक्तातील हिमोग्लोबिन, बुडालेले दिवस आणि वाढलेले कर्ज यांवरही.

गरिबांवरील संशोधनाचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. २००९-१० साली आंध्रातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध लस देण्याच्या प्रकल्पात संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या अधिकाऱ्यांनी सह्या केल्याचे उघड झाले. संसदीय समितीने २०१३ साली त्यावर कठोर ताशेरे ओढले. मुकादमाच्या अंगठ्यावर चालणारी संमती ही संमती नव्हे, हे प्रत्येक संशोधकाला पहिल्या दिवशीच बजावले पाहिजे.

शासनाने काहीच केले नाही, असे नाही. बीडमध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा आदेश निघाला. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत अमलात आणण्यास सर्व राज्यांना सांगितले. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु केवळ परवानगीचा अडसर उभा केला आणि निदानाची सोय केली नाही, तर काय होईल? जिचे गर्भाशय काढणे खरोखर आवश्यक आहे, ती स्त्री कागदासाठी हेलपाटे घालील. आणि जिला गोळीने गुण आला असता, तिला ना शस्त्र मिळेल ना गोळी, ती रक्त जात असतानाच कोयता उचलील. नियंत्रण डॉक्टरच्या व्यवहारावर हवे, स्त्रीच्या दुखण्यावर नको.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि अस्तराचा लहानसा तुकडा घेऊन तपासण्याची सोय असावी. रक्तस्रावावरील औषधे व संप्रेरकाचे साधन मोफत मिळावे. कारखान्याच्या तळावर हंगामभर स्त्री-आरोग्यसेविका असावी आणि तिने दिलेल्या विश्रांतीच्या दिवसाचा खाडा धरला जाऊ नये. खाजगी रुग्णालयांनी केलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेचे कारण, वय आणि आधी केलेले उपचार यांची नोंद तपासली जावी.

ऊसतोडीची गाडी गावातून हलण्यापूर्वी आणि हंगाम संपवून ती परतल्यावर, असे दोन प्रसंग कार्यकर्त्यांच्या हाती दरवर्षी असतात. उचलीचा दर, कोयत्याचा दर, विम्याचे कागद यांबद्दल ते त्या वेळी बोलतातच. त्याच बैठकीत, स्त्री कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने, ‘अंगावरून किती जाते?’ हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. संकोचामुळे संघटनांनीही हा विषय वर्षानुवर्षे बायकांच्या कुजबुजीवर सोडून दिला, ही कबुली देणे प्राप्त आहे. मजुरीचा लढा आणि गर्भाशयाचा प्रश्न वेगळे नाहीत. दोन्ही एकाच शरीराच्या श्रमाशी जोडलेले आहेत. १३,८६१ स्त्रियांना त्यांचे गमावलेले परत मिळणार नाही. त्यांच्या मुली आता कोयता उचलण्याच्या वयात येत आहेत. त्यांना डॉक्टरकडे जाण्याची वेळ येईल तेव्हा शस्त्राआधी निदान मिळेल की नाही, हे ठरवण्याइतका अवधी अजून हाती आहे.