स्त्रियांच्या नजरेतून नगररचना : म्हैसूर काय सांगते?

म्हैसूर जंक्शन आणि अशोकपुरम यांच्या दरम्यान चामराजपुरम हे लहानसे रेल्वे स्थानक आहे. त्याभोवतीची वसाहत शहरातील जुन्या वसाहतींपैकी एक. कर्नाटक सरकारने 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेद्वारे राज्यातील महिलांना सरकारी साध्या बसगाड्यांतून मोफत प्रवासाची सवलत दिली. या योजनेमुळे महिलांचे घराबाहेर पडणे सुकर झाले, यात शंका नाही. मात्र बसथांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता कोणत्याही सवलतीत बसत नाही, आणि नगररचनेकडे स्त्रियांच्या दृष्टीने पाहणाऱ्या अभ्यासकांचा मुख्य आक्षेप नेमका याच ठिकाणी आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य म्हैसूरला ऑगस्ट 2021 मध्ये जाणवले. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी एका विद्यार्थिनीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर म्हैसूर विद्यापीठाने परिपत्रक काढून, मानसगंगोत्री परिसरात सायंकाळी साडेसहानंतर विद्यार्थिनींनी एकटीने फिरू नये, असे बजावले. तीव्र टीका झाल्यावर विद्यापीठाला माघार घ्यावी लागली. तथापि, धोका रस्त्यावर आणि बंधन मात्र मुलीवर, हा विचार एकट्या विद्यापीठाचा नव्हता. देशातील असंख्य वसतिगृहांचे नियम आजही याच धर्तीवर आहेत.

मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी केलेल्या अभ्यासातून 2011 साली ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. केवळ सुरक्षिततेच्या नावाने बोलत राहिल्यास अखेर स्त्रीलाच घरी बसवले जाते. म्हणून काही कारण नसतानाही सार्वजनिक ठिकाणी रेंगाळण्याचा हक्क मागायला हवा, अशी त्यांची मांडणी आहे. यांपैकी रानडे या स्वतः वास्तुरचनाकार आहेत, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

म्हैसूरचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे ठरते. हे शहर अस्ताव्यस्त वाढलेले नाही. प्लेगच्या साथीनंतर मुंबईत 1898 साली सुधार न्यास स्थापन झाला, तर म्हैसूरमध्ये 1903 साली शहर सुधार न्यास मंडळ आले. त्याआधी 1895 ते 1902 या काळात राजमाता केंपनंजम्मणी यांनी राजप्रतिनिधी म्हणून संस्थानाचा कारभार पाहिला होता. रुंद रस्ते, हवा, उजेड आणि सांडपाण्याची सोय हे त्या काळच्या नियोजनाचे सूत्र होते. जुन्या वसाहतींत घरांच्या पाठीमागून अरुंद गल्ल्या ठेवण्यात आल्या, त्या शौचकूप साफ करणाऱ्या कामगारांसाठी. समोरचा रस्ता घरमालकाचा, मागची गल्ली सफाई कामगाराची, अशी ती जातीची आखणी होती. भुयारी गटारे आल्यावर या गल्ल्यांचे मूळ काम संपले. उरली ती दोन्ही बाजूंना भिंती असलेली, दिवे नसलेली, कुणाचे लक्ष नसलेली जागा. 2015 आणि 2016 मध्ये देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान म्हैसूरने मिळवला. पण स्वच्छ गल्ली आणि निर्धास्त गल्ली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्वच्छतेच्या क्रमवारीत दुसरीला गुण नसतात.

कामावर जाण्याचे साधन कोणते, याची नोंद 2011 च्या जनगणनेत प्रथमच स्त्री-पुरुषनिहाय झाली. त्यानुसार सुमारे 45 टक्के स्त्रिया पायी कामावर जातात. पुरुषांमध्ये हे प्रमाण 27 टक्क्यांच्या आसपास आहे. तरीही शहरांचा पैसा उड्डाणपुलांकडे वळतो आणि पदपथ दुचाकींना मिळतो. 2013 मध्ये केंद्राने निर्भया निधी जाहीर केला. त्यातून राबवलेल्या ‘सुरक्षित शहर’ प्रकल्पात आठ महानगरे निवडली गेली; म्हैसूरसारखी मध्यम शहरे त्यात नव्हती. शिवाय भर राहिला तो कॅमेऱ्यांवर. कॅमेरा घडलेल्या गोष्टीचा पुरावा देतो. रात्री नऊला उघडी असलेली चहाची टपरी ती गोष्ट बहुधा घडूच देत नाही, आणि अतिक्रमण म्हणून पहिली हटते तीच.

ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहराने वेगळा मार्ग धरला. नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेत दिसेनाशा होतात, असे तेथील पाहणीत 1990 च्या दशकात आढळले. खेळाची मोठी मैदाने मुलांच्या ताब्यात जात होती. महापालिकेने काही बागांत मैदानांचे लहान भाग पाडले, बसण्याच्या जागा आणि येण्याजाण्याच्या वाटा वाढवल्या. मुली परत आल्या. फार खर्चाचे असे यात काही नव्हते.

महाराष्ट्रात स्वच्छतागृहांसाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये महापालिकांना महिलांच्या स्वच्छतागृहांबाबत निर्देश दिले. दिवसभर पाणी न पिता बाहेर राहणाऱ्या भाजीविक्रेतीसाठी तो आरोग्याचा प्रश्न होता, नियोजनकारांसाठी मात्र नकाशावरचा एक ठिपका.

असे ठिपके कुठे पडावेत हे सांगणारी व्यक्ती बहुतेक वेळा प्रभागातील नगरसेविका असते. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत. परंतु मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची आणि नोव्हेंबर 2023 मध्ये म्हैसूर महापालिकेची मुदत संपल्यावर दोन्ही ठिकाणी वेळेवर निवडणुका झाल्या नाहीत, कारभार प्रशासकांकडे गेला. मागच्या गल्लीतला दिवा बंद असल्याची तक्रार त्यानंतर अधिकाऱ्याच्या टेबलावर जाऊ लागली. ज्या घरातून ती तक्रार निघते, तिथे त्या अधिकाऱ्याला मत मागायला जायचे नसते.