गोड तेवढं ऐकलं



२०२५च्या गणेश चतुर्थीला, २७ ऑगस्टला, सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या येळ्ळूरच्या घरी मूर्ती पाटावर बसवून आरतीची तयारी चालली होती. अमेरिकेच्या राजधानीत तेव्हा मध्यरात्र उलटून एक मिनिट झालं होतं. त्याच मिनिटाला भारतातून तिकडे जाणाऱ्या बऱ्याच मालावर ५० टक्के आयातशुल्क लागू झालं. आरती संपली, प्रसाद वाटून झाला आणि दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावानं, खिशातला फोन काढून बघितला. परत खिशात ठेवला. मला एवढंच म्हणाला, "झालं की रे लागू."

तो चार शब्द बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. कारण त्यात माझा वाटा होता.

दादाची उद्यमबागेत भाड्याची एक शेड आहे. एक सीएनसी लेथ, दोन कामगार आणि तो स्वतः. मोठ्या कारखान्यांकडून जॉबवर्क घ्यायचं, हायड्रॉलिकचे भाग टर्निंग करून द्यायचे. ते भाग पुढे जोडले जाऊन परदेशी जातात, त्यात अमेरिकेचा हिस्सा मोठा. त्याच्या आदल्या वर्षी काम इतकं होतं की दुसरी मशीन घ्यावी असं त्याच्या मनात आलं. बँकेचं कर्ज काढायचं, म्हणजे धीर हवा. तेव्हा अमेरिकेची निवडणूक तोंडावर होती. मी लॉकडाऊनपासून घरूनच अमेरिकन क्लायंटचं काम करतो, रोज संध्याकाळी तिकडच्यांशी बोलतो, म्हणून घरात या विषयातला जाणकार मीच.

२०२४ मध्ये १ नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन होतं. आम्ही ओसरीवर बसलो होतो. दादानं विचारलं, "तू रोज त्यांच्याशीच बोलतोस की. सांग बघू, कोण आला तर आपल्याला बरं?"

मी तयारच होतो. म्हटलं, ट्रम्प आला तर आपलं चांगलंच होईल. ह्यूस्टनच्या सभेत दोघं हात धरून फिरले होते, अहमदाबादला लाखभर लोक जमले होते. आदल्याच दिवशी त्यांनी दिवाळीच्या शुभेच्छा देताना मोदींचा 'चांगला मित्र' असा उल्लेख केला होता, तोही वाचून दाखवला. चीनवर शुल्क वाढलं की ऑर्डरी आपल्याकडे वळतील, हे वर जोडलं. दादाचा चेहरा उजळला.

काका कोपऱ्यात बसून पाय चोळत होते. काळ्या दिनाच्या फेरीहून नुकतेच परतले होते. त्यांनी मध्येच विचारलं, "त्यानं जे जे म्हटलंय ते सगळं वाचलंस, का आपल्याला गोड लागलं तेवढंच?"

मी हसलो. काकांना अमेरिकेतलं काय कळणार, असं मनात आलं, हे कबूल करतो. जानेवारीत दादाची दुसरी मशीन आली. आम्ही हार घालून नारळ फोडला.

त्या ऑगस्टनंतर मी काकांचा प्रश्न मनावर घेतला. सॉफ्टवेअरवाल्याला एक सवय असते. काही बिघडलं की जुने लॉग काढून बसायचं आणि नेमकी चूक कुठे झाली ते शोधायचं. तसा दोन रात्री बसलो. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी मैत्रीच्या सभा. ह्यूस्टनची सभा २२ सप्टेंबर २०१९ची. पण त्याच वर्षी ५ जूनपासून अमेरिकेनं भारताची 'जीएसपी' ही सवलत काढून घेतली होती. या सवलतीमुळे आपल्याकडच्या बऱ्याच मालाला तिकडे शुल्क लागत नसे. म्हणजे ५० हजारांच्या टाळ्या पडल्या तेव्हा सवलत जाऊन साडेतीन महिने झाले होते. अहमदाबादची सभा २४ फेब्रुवारी २०२०ची. चार महिन्यांच्या आत, २२ जूनला, नव्या एच-१बी व्हिसावर आलेल्यांना वर्षअखेरपर्यंत प्रवेश बंद करण्याचा आदेश निघाला. दोन्ही सभा मला पाठ होत्या. दोन्ही आदेश तेव्हा वर्तमानपत्रात वाचले असणार, पण डोक्यात राहिले नाहीत.

मग २०२४चा प्रचार. जून महिन्यात एका मुलाखतीत ट्रम्प म्हणाले की अमेरिकन कॉलेजातून पदवी घेतलेल्या परदेशी मुलांना ग्रीन कार्ड आपोआप मिळायला हवं. ही बातमी मी स्वतः चार ग्रुपवर पाठवली होती. सप्टेंबरात मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावी त्यांची सभा झाली. तिथे मोदींचं कौतुक केलं आणि त्याच बोलण्यात व्यापाराच्या बाबतीत भारत फार गैरफायदा घेतो असंही सांगितलं. ऑक्टोबरात डेट्रॉईटला उद्योजकांसमोर म्हणाले की सगळ्यात जास्त शुल्क लावणारा देश भारत. त्यानंतर पाचच दिवसांनी शिकागोत 'टॅरिफ' हा शब्दकोशातला सगळ्यात सुंदर शब्द असल्याचं सांगून टाकलं.

म्हणजे माणसानं काही लपवलं नव्हतं. गोड आणि कडू दोन्ही एकाच तोंडानं, कधी एकाच सभेत सांगितलं होतं. मी गोड तेवढं उचललं आणि दादाच्या ताटात वाढलं.

आणखी एक गोष्ट लॉगमध्ये दिसली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ग्रीन कार्डाचं आश्वासन पुरं करायचं तर कायदा बदलावा लागतो. त्यासाठी अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस लागते. शुल्क मात्र राष्ट्राध्यक्षांनी १९७७च्या एका आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन आपल्या सहीनं लावलं. आधी २५ टक्के, मग रशियाचं तेल घेतल्याबद्दल आणखी २५. गोड आश्वासनाला संसद लागते आणि कडू धमकीला सही पुरते, हे मला आधी उमगलं असतं तर दादाला मी एवढंच म्हटलं असतं, "सहा महिने थांब."

सहीचा दुसरा अनुभव सप्टेंबरात आला. १९ तारखेला नव्या एच-१बी अर्जासाठी १ लाख डॉलर भरण्याचा आदेश निघाला. आपल्याकडे शनिवारची सकाळ होती आणि रविवारी सर्वपित्री अमावास्या. माझा एक वर्गमित्र वडिलांच्या श्राद्धासाठी बेळगावला आलेला, बायको-मुलं तिकडे. ऑफिसचा निरोप आला, चोवीस तासांत परत या. त्यानं मिळेल त्या विमानाचं तिकीट काढलं, दुप्पट पैसे मोजून. वाटेत असतानाच खुलासा आला की ही रक्कम फक्त नव्या अर्जांना, जुन्या व्हिसावाल्यांना नाही. तोवर श्राद्ध हुकलं होतं. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी त्या दोन दिवसांत असाच जीव टांगणीला लागला असेल.

माझ्या स्वतःच्या पोटापाण्याचंही सांगतो. परदेशी माणसांकडून करून घेतलेल्या कामाच्या पैशावर २५ टक्के कर लावावा, असं विधेयक सप्टेंबरात तिकडच्या सिनेटमध्ये मांडलं गेलं. ते मंजूर झालेलं नाही. तरी आमच्या क्लायंटनं पुढच्या वर्षाचं कंत्राट डिसेंबरपर्यंत थांबवून ठेवलं आहे. हा एकाच पक्षाचा रोग आहे असंही नाही. २००९ मध्ये ओबामांनी करांबद्दल बोलताना बफेलोतल्या नोकरीसमोर बंगळुरातली नोकरी उभी केली होती. कुठलाही पक्ष असो, निवडणुकीतलं परराष्ट्र धोरण हे घरच्या मतदारासाठीच शिजवलेलं असतं.

आता आपल्या बेळगावकरांची एक जुनी आशा. "आपला माणूस आहे की तिकडे!" हे वाक्य मी या दोन महिन्यांत किती वेळा ऐकलं. श्री ठाणेदार चिकोडीत जन्मले, बेळगावात वाढले, १९७९ मध्ये अमेरिकेला गेले. त्यांचं 'ही श्रीची इच्छा' हे आत्मचरित्र आपल्यातल्या अनेकांनी वाचलं आहे. जानेवारी २०२३ पासून ते अमेरिकन काँग्रेसचे सदस्य आहेत. अभिमान वाटावा अशीच वाटचाल आहे. पण त्यांचा मतदारसंघ डेट्रॉईट आणि परिसर आहे. तिथल्या मोटारकामगाराला बाहेरून येणाऱ्या भागांवरचं शुल्क कदाचित हवंसंच वाटेल. इस्राएलच्या प्रश्नावर मिशिगनच्या विधानसभेत असताना ठाणेदारांची भूमिका टीकेची होती, काँग्रेसच्या वाटेवर ती बदलून ठाम पाठिंब्याची झाली. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचा प्रस्तावही मांडला. यात बरोबर काय, चूक काय, हे तिथले मतदार ठरवतील. मुद्दा एवढाच की त्यांना उत्तर द्यायचंय डेट्रॉईटला. उद्यमबागेला नाही. आपल्या मातीतला माणूस म्हणून त्यांच्याकडे कौतुकानं बघावं, आपल्या हप्त्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये.

हे सगळं काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एवढं शोधायला दोन रात्री घालवलास? आमचं आयुष्य गेलं की यात."

खरंच आहे. १९५६ पासून आमच्या गावानं किती भाषणं ऐकली असतील! महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, अहवाल पुढच्या वर्षी आला, प्रश्न तिथेच राहिला. महाराष्ट्र सरकार २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं, दावा अजून चालू आहे. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर आमच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक काढला गेला, गावानं तो परत उभा केला, तो परत निघाला आणि लाठ्या पडल्या. त्यानंतर भाषणं करायला दोन्ही बाजूंचे पुढारी होते, दवाखान्यात मात्र गावचीच माणसं होती. आणि राजहंसगडावरचा शिवरायांचा पुतळा तुम्हाला आठवत असेल. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर असताना, मार्च २०२३ मध्ये, त्याचं एकदा २ तारखेला आणि पुन्हा ५ तारखेला अनावरण झालं. एका पक्षाचं एक, दुसऱ्याचं दुसरं. महाराज एकच.

मी तेव्हा या गोष्टीवर पोट धरून हसलो होतो. गडावरच्या भाषणांत फसवणूक कुठे आहे ते मला लगेच दिसलं. ह्यूस्टनच्या भाषणात दिसलं नाही, कारण ते इंग्रजीत होतं, मोठ्या पडद्यावर होतं आणि आपलं कौतुक करणारं होतं.

एक गोष्ट मला अजून टोचते. "आमच्या नोकऱ्या आमच्या माणसांना" हे तिकडचं वाक्य ऐकून आपण चिडतो. पण जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक पुढे आलं आणि उद्योजकांच्या ओरडीनंतर दोन दिवसांत बाजूला ठेवलं गेलं, तेव्हा आपल्यातले किती जण "आम्ही यात स्थानिक धरले जाणार का?" एवढंच विचारत होते! आणि महाराष्ट्रात भूमिपुत्रांची भाषणं होतात तेव्हा आपणच टाळ्या वाजवतो. आपल्यावर आलं की अन्याय आणि आपल्या बाजूचं असलं की हक्क, ही मोजपट्टी त्या अमेरिकन मतदाराचीही आहे. तो काही आपल्याहून वेगळा माणूस नाही.

यापुढे कुठलंही निवडणुकीचं भाषण ऐकलं की मी तीन प्रश्न लिहून ठेवणार आहे. हे कोणासमोर बोललं गेलं? हे एका सहीनं होणारं आहे की त्याला कायदा लागतो? आणि झालं तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार? हे प्रश्न आधी विचारले असते तरी शुल्क टळलं नसतंच. पण मशीन कधी घ्यायची, कर्ज किती काढायचं, हे आपल्या हातात होतं.

तिकडे शुल्काविरुद्ध कोर्टात गेलेल्यांची बाजू खालच्या कोर्टांनी मान्य केली आहे. तेव्हा वसुली मात्र चालूच होती, आणि ५ नोव्हेंबर २०२५ला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होती. दावे २०२५च्याच वसंत ऋतूतले. मी काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "सात महिन्यांत? मग आमची फाइल पण तिकडंच पाठवा की!"

दादाची जुनी मशीन चालू आहे. नवी दोन पाळ्यांऐवजी अर्धी पाळी चालते. साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आहे, म्हणून तिथल्या सुट्या भागांच्या कामासाठी तो फिरतोय. दोन ठिकाणी थोडं मिळालंय. मशीनच्या हप्त्यातला काही भाग मी डिसेंबरपर्यंत भरतो असं म्हटलं. तो नको म्हणाला. मी ऐकलं नाही. शेवटी काकांनी मध्ये पडून ठरवलं की भरू दे, पण उसने म्हणून.

परवा शेडवर गेलो होतो. नव्या मशीनवर जानेवारीतलं कुंकू अजून तसंच आहे. दादानं चहा मागवला आणि विचारलं, "पुढं काय हुईल वाटतं तुला?"

या वेळी मी म्हटलं, "माहीत नाही रे दादा. मिळून बघूया."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे गेल्या वर्षी म्हणायचं होतंस की."