दगडात माहिती असते का?

१/ सम्राट अशोकाच्या धर्माज्ञा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात खडकांवर आणि स्तंभांवर कोरल्या गेल्या. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा येथील स्तंभ दिल्लीला आणवला. पंडितांना पाचारण केले, पण त्यावरील लेख कोणालाही वाचता आला नाही. दगड तोच, अक्षरेही तीच. मग माहिती गेली कुठे?

२/ १८३७ साली कलकत्त्याच्या टाकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप सांचीच्या कठड्यांवरील त्रोटक लेख न्याहाळत होता. अनेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत होती. स्तूपाभोवतीचे हे लेख भाविकांच्या देणग्यांच्या नोंदी असाव्यात, असा तर्क त्याने केला. तो शब्द ‘दानं’ ठरला आणि ब्राह्मीचे कोडे उलगडत गेले.

३/ स्तंभांवरील लेखांत ‘देवानंपिय पियदसि’ हा राजा भेटला. तो कोण, याचे उत्तर श्रीलंकेतील पाली परंपरेतून मिळाले: जॉर्ज टर्नर याने तो अशोक असल्याचे दाखवले. १९१५ मध्ये मस्कीच्या लेखात ‘अशोक’ हे नावच सापडले.

४/ म्हणजे माहिती वाचकाच्या मनातच जन्मते का? तसेही नाही. तसे असते तर प्रिन्सेपचा तर्क कधीच चुकू शकला नसता आणि मस्कीच्या पुराव्याला काही किंमत उरली नसती. दगड अर्थ सांगत नाही. पण चुकीचा अर्थ तो फार काळ टिकू देत नाही.

५/ क्लॉड शॅनन याने १९४८ मध्ये माहिती मोजण्याचे गणित मांडले, तेव्हा अर्थाचा प्रश्न जाणीवपूर्वक बाजूला ठेवला. संदेशवहनाला ते पुरेसे आहे, इतिहासाला नाही. सिंधू मुद्रांवरील चिन्हांचा क्रम आणि वारंवारता मोजता येते, तरी त्यांचे सर्वमान्य वाचन आजही झालेले नाही.

६/ म्हणून माहिती ही खूण आणि ती जाणणारा समाज यांच्यातील नाते मानणे अधिक सयुक्तिक ठरते. खूण जपली, पण जाणकार संपले, तर ते नाते तुटते.

७/ हा प्रश्न केवळ प्राचीन काळाचा नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीतील कागदांचे प्रचंड संग्रह आहेत. त्यांची छायाचित्रे काढून संगणकात साठवणे आवश्यकच आहे. पण तेवढ्याने जपला जातो तो कागद. त्यातली माहिती जपायची, तर मोडी वाचणारी नवी पिढी घडवावी लागेल. फिरोजशाहानेही स्तंभ मोठ्या निगुतीने जपला होता.