हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज: शोरूममधलं आणि बेळगावच्या रस्त्यावरचं

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि त्या दसरा-दिवाळीत आपल्या सभासदांपैकी बऱ्याच घरांसमोर नवी गाडी उभी राहिली. त्यातल्या काही हायब्रिड आहेत. आता मंडळाचा कार्यक्रम संपला की पार्किंगमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो : ‘शोरूमवाल्यानं अठ्ठावीस सांगितलं होतं, मला सतरा-अठराच मिळतंय. गाडीत काही दोष आहे का?’

बहुतेक वेळा दोष नसतो. पण लाख-दोन लाख जास्त मोजून घेतलेली गाडी सांगितलेलं ॲव्हरेज देत नसेल तर वाईट वाटणारच. म्हणून हा आकडा येतो कुठून, आपल्या गावच्या रस्त्यांवर तो का घसरतो आणि त्यातला किती भाग आपल्या हातात आहे, हे नीट पाहिलं पाहिजे. सरकारी धोरणाचाही यात वाटा आहे, आणि तो आपल्या जिल्ह्याच्या उसाच्या फडापर्यंत पोचतो.

मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जोडगोळीच्या स्ट्राँग हायब्रिडचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. इनोव्हा हायक्रॉसचा २३.२४. हे आकडे खोटे नाहीत. पण ते प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेले असतात. त्या चाचणीत वेग कधीच ताशी ९० च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. तिथे घाट नाही, पाऊस नाही, मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत लग्नाचं सामान नाही. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच पट्टीने मोजता याव्यात म्हणून ही चाचणी असते. ‘तुम्हाला एवढं मिळेल’ असं वचन त्यात नसतं, पण विक्रेता ते वचन असल्यासारखं सांगतो.

आणखी एक गोष्ट गाडी घेतानाच विचारायला हवी. ‘हायब्रिड’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गाड्यांना लावतात. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. स्ट्राँग हायब्रिड काही अंतर नुसत्या विजेवर धावते. केंद्र सरकारने माइल्ड हायब्रिडचं अनुदान एप्रिल २०१७ पासूनच बंद केलं ते यामुळेच. पुढचं सगळं स्ट्राँग हायब्रिडबद्दल आहे.

या गाडीची बॅटरी बाहेरून चार्ज होत नाही. तिच्यात वीज येते दोनच मार्गांनी : इंजिन ती तयार करतं, किंवा ब्रेक लावताना चाकांचा वेग मोटर फिरवून वीज करतो. पहिल्या मार्गाची वीज फुकट नसते, ती पेट्रोल जाळूनच आलेली असते. खरी कमाई दुसऱ्या मार्गात आहे. साध्या गाडीत ब्रेक लावला की जी शक्ती ब्रेकच्या पॅडमध्ये तापून वाया जाते, ती इथे परत मिळते. म्हणजे जिथे सारखं थांबावं लागतं, तिथे ही गाडी साध्या गाडीच्या पुढे जाते. टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी, चन्नम्मा चौकात, खडेबाजारच्या गर्दीत.

पण ब्रेक कसा लावतो त्यावर बरंच अवलंबून आहे. सिग्नलच्या तोंडाशी येऊन करकचून ब्रेक दाबला तर मोटरला तेवढी शक्ती एकदम घेता येत नाही, उरलेलं काम नेहमीचे ब्रेक करतात आणि ती शक्ती गेली. तेच लांबून गेट बंद दिसल्याबरोबर पाय उचलला आणि हलक्या पायाने ब्रेक लावत आणला, तर बराचसा भाग बॅटरीत जातो. डॅशबोर्डवरचा काटा चार्जच्या पट्टीत किती वेळ राहतो, तो पाहत आठवडाभर गाडी चालवा, अंदाज येतो.

सिग्नलला किंवा उतारावर गिअर न्यूट्रलला टाकायची सवय आपल्याकडे अनेकांना आहे. जुन्या गाडीत ठीक होतं. हायब्रिडमध्ये न्यूट्रलला टाकलं की बॅटरी चार्ज होणं थांबतं. थांबल्यावर गाडी ‘डी’मध्येच ठेवून ब्रेकवर पाय ठेवायचा. इंजिन गरज नसेल तर आपोआप बंदच असतं.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. काही जण इंजिन सुरू होऊच नये म्हणून रिकाम्या रस्त्यावरही वीसच्या वेगाने रांगत जातात. स्क्रीनवर ‘ईव्ही’चा हिरवा दिवा पाहून बरं वाटतं, पण बॅटरी उतरली की इंजिन सुरू होऊन पेट्रोलवरच ती भरणार, आणि या देवाणघेवाणीत दर वेळी थोडं नुकसान होतं. त्यापेक्षा नेहमीसारखा वेग घ्यावा, पन्नासच्या आसपास आल्यावर पाय क्षणभर सैल करावा म्हणजे इंजिन बंद होतं, आणि मग हलक्या पायाने तोच वेग टिकवावा. मागच्या गाड्यांचे शिव्याशापही वाचतात.

बेळगावातल्या कुटुंबांना ॲव्हरेज कमी मिळण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र मला वेगळंच वाटतं. आपलं गाव लहान आहे. टिळकवाडीहून शहापूरला, कॅम्पातून मार्केटला, म्हणजे दोन-चार किलोमीटर. थंड इंजिन सुरू झालं की ते आणि त्याच्या धुराची सफाई करणारा भाग तापेपर्यंत गाडी ते चालूच ठेवते, बॅटरीत वीज असली तरीही. दुधासाठी दीड किलोमीटर जाऊन आलात तर सगळा प्रवास या तापण्यातच संपतो. अशा खेपांना लिटरला दहा-बारा मिळालं तर नवल नाही. सकाळी मुलांची शाळा, मग बँक, मग भाजी अशी कामं एका फेरीत उरकली तर इंजिन एकदाच तापवावं लागतं. उद्यमबागेत रोज कामाला जाणाऱ्याला याच गाडीत चांगलं ॲव्हरेज मिळतं, ते यामुळेच.

एसीचंही असंच आहे. या गाड्यांत एसी विजेवर चालतो, म्हणून सिग्नलला इंजिन बंद असलं तरी गार हवा येत राहते. पण वीज संपली की इंजिन सुरू. त्या बाबतीत सोलापूर-कलबुर्गीच्या मानाने आपण भाग्यवान. पावसाळ्यात काच धुरकटते म्हणून एसी लावावाच लागतो, तिथे काटकसर करू नये. टायरची हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना पाहावी. काही गाड्यांत बॅटरीला थंड हवा घेणारी जाळी मागच्या सीटपाशी असते. तिच्यावर पिशव्या-चादरी ठेवू नयेत, धूळ साचू देऊ नये.

आता गोव्याचा रस्ता. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन सोळाशे किलो झालं, तर चोर्ला घाटाने साखळीपर्यंत उतरताना सुमारे तीन युनिट विजेइतकी शक्ती सुटते. थोडी वाऱ्यात आणि टायरच्या घर्षणात जाते. पण हायरायडरची बॅटरी आहे ०.७६ युनिटची. दोन किलोवॉटचा गीझर तिच्यावर तेवीस मिनिटंही जेमतेम चालेल. त्यामुळे अर्ध्या घाटातच ती भरते आणि मग इंजिनाचा आवाज वाढतो. अनेकांना वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. बॅटरीत जागा उरली नाही म्हणून गाडी इंजिन नुसतं फिरवून वेग आवरते आहे. उतारावर ‘बी’ मोड असेल तर तो लावावा, ब्रेक तापत नाहीत. परत येताना हीच उंची चढायला जवळपास एक लिटर पेट्रोल जास्तीचं लागतं, तेव्हा परतीचं ॲव्हरेज पाहून खट्टू होऊ नका. (चोर्ल्याच्या रस्त्याच्या अवस्थेबद्दल इथे लिहीत नाही, त्याला वेगळा लेख लागेल.)

महामार्गावर हायब्रिडचा फायदा सगळ्यात कमी असतो. कोल्हापूरला जाताना ब्रेक लागतो कुठे? इंजिन जवळजवळ सतत चालू असतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेलं तर तो दीडपटीहून जास्त. कोल्हापूरपर्यंतच्या एकशे दहा किलोमीटरमध्ये यातून वाचतात फार तर सोळा मिनिटं. पुण्या-मुंबईच्या फेऱ्या हेच ज्यांचं मुख्य काम, त्यांनी हायब्रिडसाठी जास्त पैसे मोजण्याआधी विचार करावा.

आता धोरणाकडे. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे मिश्रणाची सहा-सात टक्के कमी. नव्या, ई-२० साठीच जुळवलेल्या इंजिनात यातला काही तोटा भरून निघतो. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये अशा गाड्यांसाठी एक-दोन टक्के आणि इतरांसाठी तीन ते सहा टक्के घट मान्य केली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने ग्राहकाला याची भरपाई म्हणून इंधन स्वस्त व्हावं असं सुचवलं होतं. ते झालं नाही. इथेनॉलच आता पेट्रोलपेक्षा स्वस्त राहिलेलं नाही, असं उत्तर आलं.

बेळगावकराला या प्रश्नावर फक्त गाडीवाल्याच्या बाजूने बोलता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मूडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक टनाला साडेतीन हजारांची मागणी घेऊन रस्त्यावर बसले होते. शेवटी ३,३०० वर तडजोड झाली. त्या वेळी राज्य सरकारची केंद्राकडे एक तक्रार होती ती कर्नाटकातल्या कारखान्यांना मिळणाऱ्या अपुऱ्या इथेनॉल कोट्याची. म्हणजे आपल्या टाकीत जे ॲव्हरेज कमी करतं, तेच आपल्या नात्यातल्या कुणाच्या तरी उसाचं बिल भागवतं. इथेनॉलला माझा विरोध नाही. पण कमी ऊर्जेचं इंधन पूर्ण दराने विकायचं आणि त्याचा उल्लेख पंपावर ठळकपणे करायचा नाही, हे पटत नाही.

कराचंही तसंच. सप्टेंबरआधी चार मीटरहून लांब हायब्रिडवर सेससह ४३ टक्के कर होता आणि तशाच पेट्रोल गाड्यांवर ४५ ते ५०. आता दोघांनाही सरसकट ४० टक्के. गाडी स्वस्त झाली हे खरं, पण कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीला करात जी थोडी सवलत होती ती गेली. विजेच्या गाडीवर मात्र ५ टक्केच. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला तेव्हा तिथल्या खरेदीदाराचं गणित बदललं. कर्नाटकचा रस्ताकर देशातल्या चढ्या करांपैकी आहे. गंमत म्हणजे हायरायडर आणि ग्रँड विटारा या दोन्ही बिडदीला, टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात तयार झालेल्या. त्यातल्या किर्लोस्कर घराण्याची सुरुवात १८८८ मध्ये आपल्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली. किर्लोस्कर रोडवरून जाताना आठवावं.

मग पैसे वसूल होतात का? धरून चालू की शहरात तशीच ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी १४ देते आणि हायब्रिड २०. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरलात तर ७१४ लिटरऐवजी ५०० लिटर लागतात. पेट्रोल १०३ रुपये धरलं तर वाचले सुमारे २२ हजार. गाडीला दोन लाख जास्त दिले असतील तर ते निघायला नऊ वर्षं लागतात. वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याला साडेचार. निवृत्त जोडप्याने, ज्यांची गाडी वर्षाला पाच हजारही धावत नाही, केवळ पेट्रोल वाचवायला हायब्रिड घेऊ नये. शांत चालते, क्लच दाबावा लागत नाही म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, ते सुख वेगळं.

याच गणितात आणखी एक गोष्ट दिसते. १४ वरून २० वर गेल्याने २१४ लिटर वाचले. पण २० वरून २२ वर नेण्यासाठी जिवाचा आटापिटा केला तर वर्षाला ४५ लिटर, पावणेपाच हजार रुपये. पंखा बंद करून घामाघूम होत गाडी चालवण्याइतकी ती रक्कम मोठी नाही. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढवून पेट्रोल तीन रुपयांनी महाग केलं, तेव्हापासून गोव्याहून परतताना टाकी भरून आणणारे त्याहून सोप्या रीतीने पैसे वाचवतात.

तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला जायचं असेल तर आधी चार टाक्यांची नोंद करा. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायचं, किलोमीटर लिहायचे आणि पुढच्या वेळी लागलेल्या लिटरने भागायचं. स्क्रीनवरचा आकडा अनेकदा थोडा उदार असतो. चारही टाक्यांत गावातल्या गावात १५ च्या खाली येत असेल आणि खेपा फार लहान नसतील, तर हायब्रिड बॅटरीची तपासणी लेखी मागा. टोयोटा आणि होंडा या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, आणि नोंदवही हातात असलेल्या ग्राहकाला ‘तुम्ही चालवताच तसं’ म्हणून परत पाठवणं जरा अवघड जातं.