मृत्यू नैसर्गिक, हे ठरवायचे कोणी?



दिव्यांग प्रौढांच्या निवासी केंद्रांतील मृत्यूंमागे बहुधा आजारच असतो आणि चौकशीच्या ससेमिऱ्याने कर्मचारी मिळेनासे होतील, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. ऑक्सफर्डच्या स्लेड हाउस या उपचार केंद्रात जुलै 2013 मध्ये 18 वर्षांचा अपस्मारग्रस्त तरुण आंघोळीच्या टबात बुडून मरण पावला. त्याची जीभ चावली गेलेली पाहून आईने फिट आल्याची शंका आधीच बोलून दाखवली होती. तरी त्याला टबात एकटे सोडले गेले. केंद्र चालवणाऱ्या सदर्न हेल्थ ट्रस्टने सुरुवातीला मृत्यू नैसर्गिक म्हटला. 2015 मध्ये ज्यूरीने हलगर्जीपणाचा ठपका ठेवला, तोही कुटुंब हटले नाही म्हणून. त्याच वर्षीच्या मझार्स या संस्थेच्या अहवालानुसार या ट्रस्टमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या मृत्यूंपैकी जेमतेम एक टक्क्याची चौकशी झाली होती. मग बाकीचे आजारानेच गेले, हे कशावरून?

कर्मचाऱ्यांची धास्ती खोटी नाही. पण 2018 मध्ये त्या तरुणाच्या मृत्यूसह दोन मृत्यूंसाठी 20 लाख पौंडांचा दंड झाला तो ट्रस्टला. चौकशी बाहेरच्या यंत्रणेने केली, तर अपुरे मनुष्यबळ आणि प्रशिक्षणातली हेळसांडही नोंदली जाते; सारा दोष रात्रपाळीच्या एकट्या मदतनिसावर ढकलता येत नाही. तशी चौकशी प्रत्येक मृत्यूनंतर व्हावी आणि अहवाल कुटुंबाच्या हाती पडावा, एवढीच मागणी आहे.